टाच अधांतरी

गेल्या वर्षी जुलैमध्ये अण्णा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. वय ८१, मधुमेह २२ वर्षांचा जुना, वजन जेमतेम ५८ किलो. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली आणि सहाव्या दिवशी सोसायटीतल्या चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम घेत, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून पोचवले. घरात तयारी आधीच झाली होती. सर्जिकलच्या दुकानातून डोक्याकडची आणि गुडघ्यांकडची बाजू उचलता येणारा फाउलर बेड भाड्याने आला होता, त्यावर हवेची गादी पसरली होती, तिचा पंप रात्रंदिवस घरघरत होता आणि नर्सिंग ब्युरोने पाठवलेले मामा, म्हणजे रुग्णाची सेवा करणारे मदतनीस, दिवसपाळीला रुजू झाले होते. रात्रपाळी माझी होती.

डिस्चार्जच्या कागदावर ‘दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठीची काळजी घ्यावी’ असे लिहिलेले होते आणि आम्ही ते वेदवाक्य मानले. दिनदर्शिकेच्या पानामागे रकाने आखून मी प्रत्येक वेळेची नोंद ठेवत होते. पाठ, माकडहाड, खांद्याची हाडे रोज सकाळी उजेडात पाहिली जात होती आणि ती अगदी स्वच्छ होती. त्याचा थोडासा अभिमानही मला वाटू लागला होता, हे इथे कबूल केलेले बरे.

बाराव्या दिवशी टाके काढायला सिस्टर आल्या. टाके काढून झाल्यावर हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, “ताई, मोजे काढा बरं आजोबांचे.” पावसाळी गारव्याने अण्णांचे पाय थंड पडतात म्हणून मामांनी त्यांना जाड लोकरीचे मोजे घातले होते आणि अंग पुसताना ते घोट्यापर्यंतच पुसत असत. मोजा उतरवला, सिस्टरांनी पाय अलगद उचलून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला जुन्या रुपयाएवढा एक जांभळट-काळा डाग दिसला. कातडी कुठेही फाटलेली नव्हती, पाणी येत नव्हते, वास नव्हता. बोट लावले तर मात्र तेवढीच जागा पिकलेल्या जांभळासारखी मऊ लागत होती. अण्णांना काहीही दुखत नव्हते. मधुमेहाने त्यांच्या तळपायांची संवेदना फार पूर्वीच गेलेली आहे.

“कूस तर आम्ही दर दोन तासांनी बदलत होतो,” मी म्हणाले. सिस्टरांनी काही उत्तर न देता अण्णांना डाव्या कुशीवर वळवायला सांगितले आणि मग पायांकडे बोट दाखवले. अण्णांचे धड वळले होते, पण शस्त्रक्रिया झालेला पाय मात्र बाहेरच्या अंगाला कलंडून पुन्हा टाचेवरच टेकला होता. सगळी हालचाल कमरेच्या वर होत होती. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाची टाच, पाठीवर असो वा अर्धवट कुशीवर, तासन्‌तास त्याच एका बिंदूवर भार घेत पडून राहू शकते, हे मला त्या क्षणी डोळ्यांनी दिसले.

शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने दाबाखालच्या जागी होणाऱ्या जखमा (बेडसोअर), माकडहाडावर सर्वाधिक होतात आणि त्याच्या खालोखाल क्रमांक टाचेचा लागतो. तरीही घरी कोणाचे लक्ष टाचेकडे जात नाही, कारण टाच म्हणजे टणक, भेगाळलेली, जन्मभर माणसाचे वजन वाहणारी जागा अशीच आपली समजूत असते. ती तळाच्या बाजूपुरती खरी आहे. तळाला चरबीची जाड, कप्पेदार गादी असते आणि चालण्याचे धक्के ती पचवते. उताणे झोपल्यावर मात्र भार तळावर येत नाही, तो टाचेच्या मागच्या गोलाव्यावर येतो आणि तिथे हाडावर पातळ कातडी आणि नावापुरती चरबी एवढेच असते. शिवाय तो गोलावा लहान असल्यामुळे गादीला टेकणारी जागा अगदी थोडी असते. अण्णांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ३४ वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत. मी हे त्यांना समजावून सांगू लागले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “अगं, पंचाला टोक का काढतात? वजन तेवढंच, पण ते टोकावर आलं की पत्रा भोकतो. एवढं साधं आहे ते.” इतके दिवस ज्या माणसाला आम्ही वळवत होतो, त्याला कारण एकदाही विचारले नव्हते, याचे मला वाईट वाटले.

कातडीखालच्या केशवाहिन्या बाहेरच्या दाबाने चेपल्या गेल्या की तिथला रक्तपुरवठा थांबतो. १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला आणि धमनीच्या बाजूला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. पुढे हा आकडा गाद्या विकणाऱ्यांच्या तोंडी इतका बसला की, त्याच्याखाली दाब आला म्हणजे धोका टळला असे लोक मानू लागले. ते बरोबर नाही. तो आकडा नखाच्या कडेचा होता, अण्णांच्या टाचेचा नव्हता. ज्याच्या पायांच्या धमन्या मधुमेहाने आणि वयाने अरुंद झाल्या आहेत, त्याच्या टाचेला याहून कितीतरी कमी दाब पुरतो आणि वेळही थोडा पुरतो. पुन्हा हाडाला चिकटून असलेल्या खोल ऊतींवर ताण सर्वाधिक येत असल्यामुळे इजा बहुधा आतून सुरू होते आणि वरच्या कातडीवर तिचा जांभळा डाग साधारण ४८ ते ७२ तासांनी उमटतो. म्हणजे डाग दिसला त्या दिवशी जखम झालेली नसते, ती आधीच होऊन गेलेली असते. अमेरिकेतल्या या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ साली ‘प्रेशर अल्सर’ऐवजी ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द स्वीकारला, त्यामागे हेही एक कारण होते की, कातडी शाबूत असतानाही आत इजा झालेली असू शकते. मराठीत आपण सरसकट बेडसोअर म्हणतो आणि तो शब्द ऐकला की उघडी, वाहती जखमच डोळ्यांपुढे येते. म्हणून न वाहणाऱ्या डागाकडे दुर्लक्ष होते.

दाबाच्या जोडीला घासणे येते. आपल्याकडे हालहाल होऊन येणाऱ्या मरणाला ‘टाचा घासून मरणे’ म्हणतात. आमची आजी रागावली की हा वाक्प्रचार हमखास वापरत असे आणि मला तो शिव्याशापांपुरताच ठाऊक होता. फाउलर बेडची डोक्याकडची बाजू उंच केली की माणूस हळूहळू पायथ्याकडे सरकतो. सरकताना टाचेची कातडी चादरीला धरून राहते आणि आतले हाड मात्र पुढे जाते, त्यामुळे मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. मग तो माणूस पुन्हा वर सरकण्यासाठी चांगल्या पायाची टाच गादीत रोवून जोर लावतो. अण्णा नेमके हेच करत होते. त्यामुळे सिस्टरांनी डावा मोजा काढायला लावला तेव्हा त्या टाचेवरही, म्हणजे ज्या पायाला काहीच झाले नव्हते त्या पायाच्या टाचेवर, तांबूस छटा होती. ती बोटाने दाबली तरी फिकी पडत नव्हती. दाबल्यावर क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होणारी कातडी सावरण्याच्या बेतात असते, पांढरी न पडणारी कातडी ही पहिल्या पायरीची इजा असते. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून नुसते पाहून भागत नाही. हाताची पालथी बाजू दोन्ही टाचांना आळीपाळीने लावून एखादी अधिक गरम किंवा अधिक गार आहे का, लिबलिबीत किंवा उलट फारच घट्ट लागते का, हे चाचपावे लागते.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच नियम झाला, तो म्हणजे टाच कशालाही टेकता कामा नये. मऊ गादीवर नाही, हवेच्या गादीवर नाही, कापसावर नाही, कशावरच नाही. हे वाचायला सोपे आणि आचरायला विलक्षण चिकट काम आहे, कारण जवळपास प्रत्येकाचा पहिला विचार टाचेखाली काहीतरी मऊ सरकवण्याचाच असतो. मामांनी दुसऱ्याच दिवशी रबरी हातमोज्यांत पाणी भरून, गाठ मारून, ते दोन्ही टाचांखाली ठेवले. आधीच्या घरी तसेच करत होते, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या एका मावसबहिणीने गोल, मध्ये भोक असलेली हवेची रिंग पाठवून दिली. दोन्ही वस्तू प्रेमाने आलेल्या होत्या आणि दोन्ही मी बाजूला काढल्या. पाण्याच्या हातमोज्यावर टाच टेकलेलीच राहते, त्यामुळे दाब जात नाही. रिंग टाचेभोवती वर्तुळात दाब देऊन मधल्या भागाकडे येणारे रक्त अडवते. अमेरिका, युरोप आणि प्रशांत विभागातल्या तज्ज्ञ मंडळांनी मिळून २०१९ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही टाच बिछान्यापासून पूर्ण मोकळी ठेवण्यावरच भर आहे. हवेच्या गादीचा पाठीला आणि माकडहाडाला उपयोग होतो, परंतु तिच्यावर पडलेली टाच ही पडलेलीच टाच असते. महिन्याचे भाडे भरताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

टाच उचलायची ती पोटरीच्या आधाराने. उशी आडवी न ठेवता पायाच्या लांबीत ठेवायची, म्हणजे गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या थोडे वरपर्यंत सबंध पोटरीचा भार तिच्यावर पसरतो आणि उशीच्या कडेपलीकडे टाच अधांतरी राहते. उशी फार खाली गेली तर टाचेच्या वरच्या धोंडशिरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीवर, दाब येऊन तिथे नवी जखम होते. फार आखूड असली तर गुडघा मागे ताणला जातो. गुडघा ५ ते १० अंश वाकलेला हवा, कारण पाय ताठ सरळ राहिला तर गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी चेपते आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. कुठल्या शस्त्रक्रियेनंतर पाय किती वाकवायचा, आत वळू द्यायचा की नाही, हे मात्र ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. मी फोन करून विचारले आणि त्यांनी दोन मिनिटांत सांगितले.

पहिल्या रात्री मी सावरीच्या कापसाच्या दोन उशा वापरल्या. रात्री दहा वाजता टाच छान अधांतरी होती, पहाटे चार वाजता उशा दबून सपाट झाल्या होत्या आणि टाच पुन्हा गादीवर टेकली होती. म्हणून फोमची लांब, रुंद उशी आणली, तिच्याखाली आईची जुनी गोधडी चौपदरी घडी करून घातली आणि पाय बाहेर कलंडू नये यासाठी मांडीच्या बाहेरच्या अंगाला टॉवेलची सुरळी लावली. उचलली आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचे नाही, असे सिस्टरांनी बजावले होते. त्यासाठी आम्ही दिनदर्शिकेचे फाडलेले पान वापरत असू. ते टाचेखालून एका बाजूने सरकवून दुसऱ्या बाजूने न अडकता बाहेर आले पाहिजे. मामा सुरुवातीला हसत, नंतर मात्र कूस बदलली की पान कुठे आहे हे तेच आधी शोधत. कुशीवर वळवल्यावर दोन पायांमध्ये लांब उशी लागते, नाहीतर टाच सुटते आणि बाहेरच्या घोट्याचे हाड दाबाखाली सापडते. पायथ्याला घट्ट खोचलेले पांघरूणही पाय खाली दाबते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

टाच उचलण्यासाठी खास बूटही मिळतात आणि रात्री वारंवार पाय हलवणाऱ्या माणसाला ते उशीपेक्षा सोयीचे पडतात, कारण ते पायाबरोबर हलतात. पण दुकानात ‘हील प्रोटेक्टर’ मागितले तर निम्म्या वेळा आत मऊ लोकर लावलेला नुसता पिशवीसारखा बूट पुढे केला जातो. त्याने घासणे कमी होते, दाब तसाच राहतो. बुटाच्या आत टाचेच्या जागी पोकळी आहे की नाही, हे बोट घालून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. बूट घातल्यावर तो दिवसातून दोनदा काढून कातडी पाहायची असते. आमचे मोज्यांच्या बाबतीत जे झाले ते बुटाच्या बाबतीतही होऊ शकते.

बाकीचे थोडक्यात सांगते. जेवणाची वेळ सोडून डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवायची नाही, आणि वर करायची तेव्हा आधी गुडघ्यांकडची बाजू थोडी उचलायची, म्हणजे माणूस घसरत नाही. वर सरकवायचे असेल तर कमरेखाली घातलेली आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचे, काखेत हात घालून ओढायचे नाही. लाल झालेली जागा चोळायची नाही. पूर्वी स्पिरिट लावून, पावडर टाकून पाठ आणि टाचा रगडत असत आणि आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त परिचारिका आजही तसेच करायला सांगतात. पण आत दुखावलेल्या ऊती चोळण्याने अधिक दुखावतात आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. साधे मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावणे पुरेसे असते. सिस्टरांनी डाव्या टाचेवर सिलिकॉनच्या फोमची जाड पट्टी लावली होती, ती घासण्यापासून वाचवण्यासाठी. पट्टी लावली म्हणून उशी काढायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितले.

प्रथिनांचा हिशेब मात्र मी कागदावर मांडला. धोका असलेल्या माणसाला रोज किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे ५८ किलोच्या अण्णांना ७२ ते ८७ ग्रॅम. ते खात होते मऊ वरणभात, ताक आणि संध्याकाळी दोन मारी बिस्किटे. मूत्रपिंडाचा त्रास नाही याची तपासणी करून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोन अंडी, पनीर, दाट डाळ आणि कोळीणमावशी आल्या की सुरमईचा तुकडा सुरू झाला. ७२ ग्रॅमपर्यंत आम्ही रोज पोचलो असे मी म्हणणार नाही.

धोका किती आहे हे मोजण्यासाठी रुग्णालयांत ब्रेडन मापनपट्टी वापरतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची ही पट्टी १९८७ साली प्रसिद्ध झाली. संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींचे गुण मिळून ६ ते २३ अंक होतात, आणि १८ किंवा त्याखाली आले की धोका मानतात. पट्टी चांगली आहे, पण तिच्यात पायाच्या रक्तपुरवठ्याला गुण नाहीत. टाचेच्या बाबतीत तीच गोष्ट निर्णायक ठरते, म्हणून मधुमेही किंवा वर्षानुवर्षे तंबाखू ओढलेल्या माणसाचा एकूण अंक बरा आला तरी, माझ्या मते, त्याच्या टाचा पहिल्या दिवसापासून उचललेल्याच असाव्यात. घरी हे कोणी मोजत बसत नाही. पावलाच्या वरच्या बाजूची नाडी लागते का, एवढे तरी घरी येणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. अण्णांची उजवीकडची नाडी फारच क्षीण होती, म्हणून पायांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी तपासणी, करून घेतला.

डावी टाच आठवडाभरात पूर्ववत झाली. उजव्या टाचेवर आधी रक्ताळ फोड आला, तो जिरला आणि त्या जागी काळी, कोरडी, कडक खपली धरली. ती खपली पाहून घरी येणारा प्रत्येक नातेवाईक अस्वस्थ होत असे. “काळं झालंय, कापून काढायला नको का?” असे काकांनी विचारले आणि मलाही तसेच वाटत होते. डॉक्टरांनी मात्र कडा निरखून पाहिल्या आणि सांगितले की, टाचेवरची अशी खपली कोरडी आहे, घट्ट चिकटलेली आहे, भोवती लाली, सूज, पू काही नाही, तोवर तीच जखमेचे झाकण असते आणि ती उघडली तर कमी रक्तपुरवठ्याच्या पायात आतली जखम भरून येणे अवघड होऊन बसते. ती भिजवायची नाही, उचकटायची नाही, रोज पाहायची. कडा मऊ पडली, पाणी सुटले, वास आला, भोवती लाली पसरली किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी फोन करायचा. मी रोज एकाच अंतरावरून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढत असे. ते सगळे फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत. त्यांत खपली नाण्याच्या तुलनेत किती सावकाश आक्रसत जाते हे दिसते. ती संपूर्ण सुटून पडायला पाच महिने लागले, म्हणजे मोडलेले हाड जुळून अण्णा वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाऊ लागल्यानंतरही टाच बरी व्हायची बाकीच होती.

या पाच महिन्यांत एक चूक आणखी घडली. अण्णा खुर्चीत बसू लागले तेव्हा आता बिछाना सुटला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पायांना सूज येत होती म्हणून समोर चौरंग ठेवून त्यावर त्यांचे पाय ठेवत असू, आणि लाकडी चौरंगाच्या कडेवर टाच तासभर टेकलेली असे. हे या खेपेला अण्णांच्याच लक्षात आले. त्यांनी मामांकडून पट्टी आणि खडू मागवला, स्वतःच्या पोटरीचे माप घ्यायला लावले आणि घोट्याच्या वर चार बोटांवर संपेल असा फोमचा तुकडा कापून चौरंगावर चिकटवायला सांगितला. चौरंग खुर्चीच्या इतका जवळ घ्यायचा की पोटरी फोमवर पूर्ण विसावेल आणि पाऊल पलीकडे मोकळे लोंबकळेल. तो आडवा घालून चालणार नाही, लांबीतच लावा, हे ते मामांना दोनदा म्हणाले. तो चौरंग अजून गॅलरीत आहे आणि अण्णा त्यावर सकाळचा पेपर ठेवतात.